थोरली चेटकीण आणि अबोला धरलेली मैत्रीण

प्रिय मावशी,
मी आणि माझी मैत्रीण काही वर्षांपासून मिळून एक कथा लिहितोय. काल्पनिक राज्य आहे, तिथल्या राजाने जादूवर बंदी घातली आहे आणि जंगलाच्या कडेला काही चेटकिणी लपून राहतात. चेटकिणी माझ्या, राजा आणि त्याचे शिपाई तिचे. एक भाग मी लिहायचा, पुढचा तिने. मध्यंतरी तिला चेटकिणींमध्येही यायचं होतं, म्हणून मी तिला धाकटी देऊन टाकली. मागच्या महिन्यात तिने मला न विचारता धाकटीला फितूर केलं आणि थोरलीला जाळून टाकलं. मी रडले. नवरा हसला, म्हणाला, "जी नव्हतीच ती मेली कशी?" मैत्रीण म्हणते, घरचा भेदी लंका दाहे, इतिहासातही असंच झालंय. पुढच्या भागात मी थोरलीच्या भुताच्या तोंडून राजाला तीन पानं शाप दिले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. मी वेडी आहे का? कथा सोडून देऊ का?
— बंदीतली एक

बंदीतले,

तीन पानं! अगं, राजाला एवढे शाप लागत नाहीत, एका ओळीतही तो मेला असता. ती तीन पानं मैत्रिणीसाठी होती आणि तिलाही ते कळलं असणार. तिच्या जागी मी असते तर मीही गप्प बसले असते.

रडण्याबद्दल आधी सांगते, कारण ते सोपं आहे. वेडी वगैरे काही नाहीस. ज्या बाईच्या तोंडचं प्रत्येक वाक्य तू वर्षानुवर्षं मनात घोळवलंस, तिचा आवाज एका संध्याकाळी बंद झाला तर रडू येणारच. नवऱ्याचा राग मात्र फार धरू नकोस. थोरली कोण होती हे त्याला कधी सांगितलं आहेस का? नसशील, तर त्याच्यासाठी ती खरोखरच नव्हती.

आता मैत्रिणीचा मुद्दा. इतिहासाचं ती म्हणते ते खरं आहे, तुला आवडो न आवडो. 1612 मध्ये इंग्लंडातल्या लँकेस्टरला पेंडल भागातल्या चेटकिणींचा खटला चालला. त्यात मुख्य साक्ष होती जेनेट डिव्हाइस नावाच्या नऊ-एक वर्षांच्या मुलीची, तीही स्वतःच्या आईविरुद्ध आणि भावाविरुद्ध. आई इतकी किंचाळू लागली की तिला बाहेर न्यावं लागलं, आणि मग पोरीला टेबलावर उभं करून साक्ष घेतली. त्या खटल्यांत दहा जण फासावर गेले, त्यात तिची आई, भाऊ आणि बहीण होते.

अमेरिकेतल्या सेलमच्या चेटूक-खटल्यांचं 1692 चं प्रकरण मला याहून जास्त अस्वस्थ करतं, कारण तिथे फितुरी हाच जगण्याचा मार्ग होऊन बसला. 'हो, मी चेटूक केलं' म्हणून कबुली द्यायची, आणखी चार नावं घ्यायची, की माफीच्या साक्षीदारासारखा जीव वाचायचा. 'मी काही केलेलं नाही' म्हणून ठाम राहणारे फासावर गेले, एकोणीस जण. म्हणजे खरं बोलणारा मरत होता आणि शेजारणीचं नाव घेणारी जगत होती. जादूवरची बंदी चालते ती अशी. शिपाई प्रत्येक झोपडीत पोचू शकत नाहीत, भीती पोचते. तुझ्या मैत्रिणीला हे कळलंय, त्या अर्थाने ती चांगली लेखिका आहे.

(जाता जाता: या दोन्ही ठिकाणी फाशी दिली होती, कुणालाही जाळलं नव्हतं. जाळणं स्कॉटलंडात आणि जर्मन प्रांतांत चालायचं. इतिहासाचा हवाला देणारीला हे ऐकवायचा मोह होईल. आत्ता नको.)

पण त्याच इतिहासात दुसरी गोष्टही आहे. खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या आईवर, काथारीनावर, चेटकीण असल्याचा आरोप आला. 1620 मध्ये तिला अटक झाली. म्हातारी वर्षभराहून जास्त काळ साखळदंडात होती. छळाची हत्यारं तिच्यासमोर मांडून घाबरवलं तरी तिने कबुली दिली नाही. मुलगा आपलं काम बाजूला ठेवून तिचा खटला लढला आणि 1621 मध्ये ती सुटली. तेव्हा धाकटीने फितूर व्हायलाच हवं होतं असं इतिहास म्हणत नाही. तिने केप्लरही व्हायला हरकत नव्हती. निवड मैत्रिणीने केली. थोरली तुझी होती आणि तिला मारताना तुला विचारलं नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. इतिहासात कितीही जणी मेल्या असल्या तरी तिने तुला विचारायला हवं होतं.

एवढ्यावर थांबले असते तर तुला बरं वाटलं असतं. पण तुझं पूर्ण पत्र मी दोनदा वाचलंय (इथे छापलाय तो त्याचा सारांश). थोरलीची सांधेदुखी, कावळ्यांशी भांडणारी, औषधी मुळ्या चोरणारी, कुणाचे मंत्र कधी उलटे पडले, हे सगळं तू इतक्या मायेने लिहिलंयस की मलाही त्या जंगलात राहायला जावंसं वाटलं. राजाबद्दल मात्र अर्धी ओळ: 'राजा दुष्ट आहे.' आणि धाकटी? 'पाणी आणते, रात्री पहारा देते.' ती काही बोलली, हसली, रुसली, असं एकही वाक्य पत्रात नाही.

आता मैत्रिणीच्या बाजूने बघ. इतकी वर्षं ती छापे लिहितेय, फर्मानं लिहितेय, तुरुंग बांधतेय. तिच्या प्रत्येक भागाला तुझं उत्तर द्वेषाने भरलेलं. कथेपुरता का होईना, पण द्वेषच. एकदा तिने आत यायचं दार वाजवलं आणि तू तिला घागर दिलीस. मला वाटतं धाकटीची फितुरी तिथूनच आली. मैत्रिणीने ठरवून सूड घेतला असेल असं मी म्हणत नाही. लिहिताना हात आपोआप तिकडे वळला असेल. पण जिच्याकडे थोरलीने कधी वळून पाहिलं नाही, तिने थोरलीचं नाव शिपायांना सांगावं, हे कथेच्या हिशेबानेसुद्धा पटण्यासारखं आहे. तुला रडू आलं त्यात याचा थोडा वाटा असेल का? तुझं तू बघ.

मग करायचं काय? कथेतून बोलणं बंद कर. भूत, शाप, भविष्यवाणी, काही नको. तिला साधा निरोप पाठव, तुझ्या स्वतःच्या नावाने. त्यात दोन गोष्टी असू देत. एक, 'थोरलीला मारण्याआधी मला विचारायला हवं होतंस, मला लागलं.' हे लिहिताना इतिहास, लंका, कोण बरोबर कोण चूक, यात शिरू नकोस. दोन, एक प्रश्न: 'तुझ्या राजाने जादूवर बंदी का घातली?' तू हे तिला आजवर विचारलेलं दिसत नाही. मी पैजेवर सांगते, तिच्याकडे उत्तर तयार असेल आणि ते 'दुष्ट आहे म्हणून' असं नसेल.

कारण असे राजे बहुधा घाबरलेले असतात. रोमन सम्राट व्हॅलेन्सच्या काळात, 371 च्या सुमारास, काही जणांनी अक्षरांवर अंगठी फिरवून पुढचा सम्राट कोण असं विचारलं. अंगठीने 'थिओड' एवढी अक्षरं दाखवली. थिओडोरस नावाचा एक अधिकारी त्यात मारला गेला, आणि मग जादूच्या संशयावरून अशी धरपकड सुरू झाली की पूर्वेकडच्या प्रांतांत लोकांनी भीतीपोटी आपली सगळी पुस्तकं जाळली. सैनिकांची वाटही पाहिली नाही, स्वतःच जाळली. व्हॅलेन्स 378 मध्ये लढाईत मेला आणि पुढच्या वर्षी गादीवर आला थिओडोसियस! स्कॉटलंडच्या जेम्सचंही तसंच. 1590 मध्ये नवी राणी घेऊन डेन्मार्कहून येताना समुद्रात वादळं झाली, ती चेटकिणींनी उठवली अशी त्याची खात्री पटली. पुढे त्याने या विषयावर ग्रंथच लिहिला. असा राजा लिहायला मिळाला तर तुझ्या मैत्रिणीलाही मजा येईल, आणि तुझ्या चेटकिणींना लपण्यापलीकडे काही काम मिळेल.

थोरलीला परत आण असं मात्र म्हणू नकोस. 'ते स्वप्न होतं', 'जळली ती दुसरीच होती', असलं काही केलंत की कथेतल्या मरणाला किंमत उरत नाही आणि पुढे कुणीच कशाला घाबरणार नाही. तिचे अंत्यविधी लिही, हवी तेवढी पानं घे. धाकटीला तिथे यायचं आहे का, हे मैत्रिणीला ठरवू दे.

तिचं उत्तर आलंच नाही, किंवा आलं आणि ती म्हणाली की आता पुरे, तर वाटणी सरळ आहे. राजा, फर्मानं, तुरुंग आणि धाकटी तिची. उरलेल्या चेटकिणी आणि जंगल तुझं. त्या घेऊन तू दुसऱ्या राज्यात जा आणि तिथला राजा स्वतः लिही. महिनाभर लिहून बघ, मग मला कळव.

— मावशी