अनुदान थांबलं तर? हवामान-संशोधनात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र मिळालं. तू संख्याशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. धोरण ठरवताना उपयोगी पडेल असं हवामानबदलावरचं संशोधन तुला करायचं आहे. वडिलांचे आक्षेप तू प्रामाणिकपणे लिहिले आहेस: हे सगळं सरकारी पैशावर चालतं आणि सरकारचं मन फिरलं की पैसा आटतो, ज्याचा पैसा त्याचीच री ओढावी लागते, आणि एवढं करून अहवाल कपाटात धूळ खात पडतात. शेवटी तू विचारलंस, यापेक्षा विमा कंपनीत डेटा ॲनालिस्ट झालेलं बरं का?

वडिलांचा पहिला आक्षेप खरा आहे, आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दर दहा लाख भागांत ३१३ होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे, आणि हवामानबदलावरचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडलं तरी तो चढता आलेख समोर येतो. त्या नोंदींत १९६४ साली काही महिन्यांची मोकळी जागा आहे. निधी कापला गेला आणि मोजणं थांबलं. पुढेही रोज तेच ते मोजणं हेसुद्धा संशोधनच आहे, हे कीलिंग यांना निधी देणाऱ्यांना वर्षानुवर्षं पटवत राहावं लागलं.

अलीकडचंही एक उदाहरण देते. एल निन्यो, म्हणजे विषुववृत्ताजवळचं प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापून जगभरचं हवामान बदलणारी घटना, येतोय का हे वेळेत कळावं म्हणून प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सत्तरच्या आसपास बोये, म्हणजे मोजणीची उपकरणं लावलेले तरंगते तराफे, नांगरण्यात आले. ही साखळी १९९४ मध्ये पूर्ण झाली. प्रत्येक बोया वारा, हवेतली आर्द्रता आणि पाण्याचं वरपासून ५०० मीटर खोलीपर्यंतचं तापमान मोजतो आणि उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पाठवतो. पण तो कायम खाऱ्या पाण्यात उभा असतो. त्याच्याभोवती मासे जमतात, माशांमागे बोटी येतात, तारा तुटतात, संवेदक निकामी होतात. म्हणून जहाज घेऊन ठरावीक काळाने तिथे जावंच लागतं. २०१२ मध्ये खर्च कमी करायचा म्हणून अमेरिकेने या कामासाठी राखलेलं जहाज निवृत्त केलं. २०१४ च्या सुरुवातीला, एल निन्योची चिन्हं दिसू लागली नेमक्या त्याच वेळी, या साखळीतल्या अमेरिकेच्या भागातून अपेक्षित माहितीपैकी जेमतेम चाळीस टक्के येत होती. मग ओरड झाली, पैसा मिळाला, बोये दुरुस्त झाले. मधल्या काळात जे मोजलं गेलं नाही, ते मात्र आता कोणीही मागे जाऊन मोजू शकत नाही.

हे तुला घाबरवण्यासाठी सांगत नाही. कपात नेमकी कुठे होते ते ओळखायला शीक, एवढ्यासाठी सांगते आहे. नव्या कल्पनेला, नव्या यंत्राला, नव्या मोहिमेला पैसा मिळवणं सोपं असतं, कारण उद्घाटन करता येतं. चाळीस वर्षं चाललेली नोंद एकेचाळिसाव्या वर्षी चालू ठेवायला पैसा मिळवणं कठीण जातं. आणि खासगी कंपन्या इथे उभ्या राहत नाहीत, कारण पन्नास वर्षांनी उपयोगी पडणाऱ्या आकड्यांवर या तिमाहीत नफा मिळत नाही. म्हणूनच हे काम सार्वजनिक पैशावर चालतं आणि माझ्या मते तसंच चाललं पाहिजे. असा पैसा जगात थोडाथोडका नाही. युरोपीय संघाचा २०२१ ते २०२७ चा संशोधन कार्यक्रम ठरला तेव्हा ९५.५ अब्ज युरोंचा होता आणि त्यातला ३५ टक्के खर्च हवामानाशी संबंधित कामांवर व्हावा असं उद्दिष्ट ठरलेलं आहे.

आता हा पैसा तुझ्यापर्यंत कसा पोचतो ते बघ, कारण करिअरचा खरा निर्णय इथे आहे. निधी देणारी संस्था विषय जाहीर करून प्रस्ताव मागवते. संशोधक प्रस्ताव लिहितात, त्याच विषयातले इतर तज्ज्ञ ते तपासतात, समिती निवड करते आणि साधारण तीन ते पाच वर्षांसाठी अनुदान मिळतं. त्यातून माणसांचे पगार, उपकरणं, प्रवास आणि यजमान संस्थेचा वरखर्च भागतो. तू या व्यवस्थेत तीन प्रकारे शिरू शकतेस. एक म्हणजे दुसऱ्याच्या प्रकल्पावरचं कंत्राटी पद. प्रकल्प संपला की पद संपलं. दुसरी, तुझ्या स्वतःच्या नावावरची फेलोशिप. संस्था बदललीस तरी ती बहुतेक वेळा तुझ्याबरोबर येऊ शकते, म्हणून कष्ट पडले तरी तिच्यासाठी अर्ज करायचाच. तिसरं, हवामान सेवा, अंतराळ संस्था किंवा पर्यावरण खात्यांतलं कायमस्वरूपी पद. अशी पदं कमी निघतात, पण वर सांगितलेल्या लांबलचक नोंदी सांभाळण्याचं काम बहुतेक तिथेच होतं. पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षांची एकामागून एक कंत्राटं करत राहणारी हुशार माणसं या क्षेत्रात बरीच आहेत, हे वडिलांना जरूर सांग. लपवून फायदा नाही. कितव्या वर्षापर्यंत वाट बघायची हे घरी बसून आधीच ठरवा.

दुसऱ्या आक्षेपावर फार वेळ घालवत नाही. सरकारी पैशामुळे दबाव येऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण पृथ्वीच्या सरासरी तापमानाची नोंद कोणा एकाच्या हातात नाही. अमेरिकेतल्या दोन संस्था, ब्रिटन, जपान, सगळे आपापल्या पद्धतीने ती काढतात. २०१० च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांनी या सगळ्यांवर शंका घेऊन 'बर्कली अर्थ' हा वेगळा गट उभा केला. त्याला मिळालेल्या पैशात तेलव्यवसायातल्या कोक कुटुंबाशी संबंधित प्रतिष्ठानचाही वाटा होता. त्यांनी मूळ आकडे नव्याने तपासले, आणि तापमानवाढ तेवढीच निघाली. डेटा आणि गणिताची रीत उघड असली की पैसा कोणाचा हे उत्तर ठरवत नाही. ज्या गटात डेटा खुला करायला टाळाटाळ होते तिथे जाऊ नकोस, एवढा नियम पाळ.

राहिला कपाटातला अहवाल. जॉनथन शँक्लिन १९७७ मध्ये पदवीनंतर ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या सरकारी निधीवरच्या संस्थेत लागले. त्यांच्याकडे आलेल्या कामांपैकी एक होतं अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरून येणाऱ्या ओझोनच्या हस्तलिखित नोंदी संगणकात भरण्याचं. १९५० च्या दशकापासून तिथे डॉब्सन या ओझोन मोजणाऱ्या उपकरणाने नोंदी घेतल्या जात होत्या आणि कागदांचा ढीग साचला होता. तो उपसताना दिसलं की ऑक्टोबरमधली सरासरी, जी पूर्वी डॉब्सन एककांत (ओझोन मोजण्याच्या एककात) ३०० च्या आसपास असायची, ती १९८४ पर्यंत २०० च्या आसपास आली आहे. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि शँक्लिन यांनी मे १९८५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. सप्टेंबर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांवर जगाने नियंत्रण आणलं आणि ओझोनचा थर आता हळूहळू सावरतो आहे. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: निदान दर चार वर्षांनी विज्ञान काय म्हणतं याचा आढावा घ्यायचा आणि त्यानुसार निर्बंध तपासायचे, हे त्या करारातच लिहून ठेवलं. संशोधन कपाटात जाऊ नये याची तरतूद कायद्याच्या मजकुरातच झाली.

सगळीकडे इतकं झटपट होत नाही. तू संख्याशास्त्राची आहेस म्हणून गिल्बर्ट वॉकर यांची गोष्ट मुद्दाम सांगते. केंब्रिजचे हे गणिती १९०४ मध्ये भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख झाले. दुष्काळांनी होरपळलेल्या देशात सरकारला एकच उत्तर हवं होतं: यंदा पाऊस कसा असेल? वॉकर यांनी जगभरच्या केंद्रांवरचे हवेच्या दाबाचे, पावसाचे आणि तापमानाचे आकडे जमवून त्यांचे सहसंबंध काढले. भरवशाचा पावसाचा अंदाज त्यांच्या हाती लागला नाही. पण प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचा दाब झोपाळ्यासारखा वरखाली होतो हे त्यांना १९२० च्या दशकात दिसलं. १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी त्याची एल निन्योशी सांगड घातली, आणि आज हंगामी अंदाजांचा मोठा आधार तोच आहे. तुझ्या अभ्यासक्रमात कालश्रेणीच्या, म्हणजे काळाच्या क्रमाने घेतलेल्या नोंदींच्या, प्रकरणात यूल-वॉकर समीकरणं येतील. त्यातले वॉकर हेच. तू शिकते आहेस ते गणित याच कामातून आलेलं आहे.

धोरणापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता आढाव्यांचा आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेलं आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरचं आंतरसरकारी मंडळ, स्वतः संशोधन करत नाही, झालेलं संशोधन तपासून त्याचं सार मांडतं. त्याचे लेखक मानधन घेत नाहीत. त्यांचा पगार त्यांच्या मूळ संस्था, म्हणजे बहुतेक वेळा सार्वजनिक निधी, देतात. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारांचे प्रतिनिधी ओळीओळीने मंजूर करतात. प्रत्येक प्रकरणाच्या लेखकांना मदत करणारे तरुण संशोधकही असतात. पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात अशी संधी निघाली तर सोडू नकोस. अनिश्चितता शब्दांत कशी मांडायची हे तिथे जितकं शिकायला मिळतं तितकं दुसरीकडे क्वचितच.

मग आज काय करायचं? कालश्रेणी, अवकाशीय (जागेनुसार बदलणाऱ्या आकड्यांचं) संख्याशास्त्र आणि टोकाच्या घटनांचं संख्याशास्त्र हे तीन विषय पक्के कर. पायथन किंवा आर, या दोन प्रोग्रॅमिंग भाषांपैकी एकीत तुझा हात बसू दे. बरोबर भौतिकशास्त्र किंवा वातावरणशास्त्राचा एखादा मूलभूत कोर्स घे, नाहीतर आकडे बरोबर येतील आणि अर्थ चुकेल. सरावासाठी पैसे लागत नाहीत. पृथ्वीची निरीक्षणं करणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं पूर्वी विकत घ्यावी लागत, २००८ मध्ये ती सर्वांना मोफत झाली आणि त्यांचा वापर प्रचंड वाढला. मौना लोआचे आकडेही कोणालाही उतरवून घेता येतात. या सुट्टीत ते घे, त्यातला ऋतूंप्रमाणे होणारा चढउतार वेगळा काढ आणि १९६४ ची मोकळी जागा तू कशी भरशील ते लिहून ठेव. कोणत्या गृहीतकावर भरलीस हेही लिही. निवड समितीपुढे हे दोन पानांचं काम प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त बोलेल.

विमा कंपनीबद्दल. तो रस्ता वाईट नाही, आणि टोकाच्या घटनांचं गणित तिथेही लागतं. आर्थिक जबाबदारी तातडीची असेल तर तो आधी धर, एम.एस्सी.नंतर दोन-तीन वर्षं नोकरी करून पीएच.डी.ला येणारे विद्यार्थी असतात आणि चांगलं काम करतात. तशी घाई नसेल तर मात्र मी तुला संशोधनाकडेच पाठवेन. प्रश्न विचारण्याची तुझी पद्धत तुझ्या पत्रात दिसली.

गाईड निवडताना शोधनिबंधांची संख्या मोजत बसू नकोस. त्यांना ई-मेल करून चार गोष्टी सरळ विचार: सध्याचं अनुदान कधी संपतं, त्यानंतर माझ्या फेलोशिपची काय सोय, गटाचा डेटा खुला आहे का, आणि या कामाचं उत्तर कोणत्या खात्याला किंवा कोणत्या आढाव्याला हवं आहे. शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे नेमकं उत्तर असेल त्यांच्या आजी विद्यार्थ्यांशी फोनवर बोल, आणि मग अर्ज भर. वडिलांनाही तो फोन ऐकू दे.