डॉक्टरांना विचारा : हात धुतले, पण हवेचं काय?

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, मी सिडकोत घरीच पहिली ते चौथीच्या मुलांची शिकवणी घेते. २०२२ च्या जानेवारीअखेर शाळा उघडल्या, तशी शिकवणीही पुन्हा सुरू केली. मुलं आली की आधी साबणाने हात, मग दप्तर. बसायच्या सतरंज्या रोज धुवायचे, दुधाची पिशवीसुद्धा धुऊनच आत घ्यायचे. तरी आठवड्याभरात निम्मी मुलं तापाने झोपली, पाठोपाठ सासूबाई. मिस्टर अजून म्हणतात, ‘तुझं हात धुणं फुकट गेलं.’ खरंच फुकट गेलं का? पुन्हा तशी साथ आली तर मी काय करू?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, फुकट काही गेलं नाही. पण हात धुऊन अडतात ते आजार वेगळे आणि त्या जानेवारीत तुमच्या खोलीत आला त्या कोरोनाची वाट वेगळी.

जानेवारीतली नाशिकची थंडी मला ठाऊक आहे. तुमच्या खोलीच्या खिडक्या तेव्हा बंद असणार, दारही लोटलेलं असणार. मुलं एका सुरात पाढे म्हणत असणार. आपण बोलतो तेव्हा तोंडातून डोळ्यांना न दिसणारे बारीक कण बाहेर पडतात आणि आवाज जितका मोठा तितके ते जास्त. मोठे थेंब लगेच खाली पडतात, बारीक कण मात्र बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. शेजारचं मूल श्वास घेतं तेव्हा ते थेट त्याच्या छातीत जातात. या सगळ्या प्रवासात हात कुठे आला? साबणाने कोरोनाच्या विषाणूचं चरबीचं आवरण फुटतं हे अगदी खरं, पण त्यासाठी विषाणू हातावर असावा लागतो.

मग सगळा भर हातांवरच का दिला गेला? मार्च २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्लास्टिक आणि स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत टिकतो, असं त्यात दिसलं आणि घरोघरी दुधाच्या पिशव्या धुणं सुरू झालं. त्याच प्रयोगात, हवेतल्या बारीक कणांत तो ३ तास, म्हणजे प्रयोग चालला तेवढा सगळा वेळ, जिवंत राहिल्याचंही नोंदवलं होतं. लोकांपर्यंत पहिला अर्धा भाग पोचला, दुसरा राहिला. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने ‘कोविड हवेतून पसरत नाही’ असं जाहीर करून टाकलं. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी पत्र लिहून हवेकडे बघा म्हणून सांगितलं, तरी संघटनेने ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मान्य करेपर्यंत २०२१ उजाडलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं, की दूषित वस्तूला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता १०,००० त १ पेक्षाही कमी आहे. मला या उशिराचा आजही राग येतो. सॅनिटायझरने भेगाळलेले हात घेऊन बायका माझ्या सातपूरच्या दवाखान्यात यायच्या आणि घरी त्यांच्या खिडक्यांना आतून कडी असायची.

तरी हात धुणं सोडू नका. कराचीच्या गरीब वस्त्यांत साबण वाटून आणि हात धुवायला शिकवून एक अभ्यास झाला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनिया निम्म्यावर आला, जुलाबही तसेच घटले. निरनिराळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र मांडल्या तर श्वसनाचे आजार हात धुण्याने साधारण १४ टक्क्यांनी कमी होतात असं दिसतं. मात्र तपासणीत पक्क्या ठरलेल्या फ्लूपुरतं पाहिलं, तर ठळक फरक सापडत नाही. पावसाळ्यातला गॅस्ट्रो, टायफॉइड, कावीळ यांसाठी तर साबणाला तोड नाही. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझर नीट चालत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं.

आता तुमची खोली. हवेतले कण दिसत नाहीत, पण उदबत्तीचा धूर दिसतो आणि ते बरेचसे तसेच वागतात. एक उदबत्ती लावा, मग विझवा आणि धूर किती वेळ रेंगाळतो ते पाहा. बराच वेळ राहिला, तर मुलांचा श्वासही तसाच कोंडून राहतोय. समोरासमोरची खिडकी आणि दार दोन्ही उघडा, एकटी खिडकी पुरत नाही. स्लायडिंग खिडकीची एक काच कायमची सरकवून ठेवा आणि तिथे हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट फॅन बसवा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. जमलं तर आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र घ्या. बाहेरच्या हवेत आकडा ४२० च्या आसपास असतो. खोलीत ८०० च्या खाली राहिला तर ठीक, हजाराच्या वर गेला की मुलांना बाहेर काढा. पाढे आणि कविता गच्चीवर घ्या. साथ असेल तेव्हा तुम्ही स्वतः एन-९५ मास्क लावा, नाकापाशी घट्ट बसलेला. आणि ताप-खोकला असलेल्या मुलाला दारातूनच घरी पाठवा, आई रागावली तरी.

प्रश्न : पंचवटीत आमचा जुना वाडा आहे. ऐंशीचे वडील माजघरात झोपतात, तिथे खिडकी नाही. घरात कुणाला साथीचा ताप आला तर त्यांना तिथेच ठेवू का? माजघर सुरक्षित वाटतं.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : नको. माजघरात थंडी लागत नाही, पण हवाही हलत नाही. वडिलांना चौकाच्या बाजूच्या खोलीत हलवा, दार चौकाकडे उघडं ठेवा आणि अंगावर एक पांघरूण जास्त द्या. आजारी माणसाचं अंथरूण घराच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याकडच्या खिडकीपाशी घाला. मधलं दार बंद ठेवा, म्हणजे त्याच्याकडची हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे, बाहेरच्या दिशेने करा. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं, की हे बारीक कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दोन हात लांब झोपवलं की झालं असं समजू नका. सेवा करणाऱ्याने खोलीत शिरण्याआधीच एन-९५ लावावा आणि थुंकीचं भांडं किंवा बेडपॅन उचलल्यावर साबणाने हात धुवावेत.