पाखरांचा कॅमेरा खिशात मावेल का?

प्रश्न : ताई, मी साताऱ्याचा. बँकेतून निवृत्त झालोय. सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातो आणि हल्ली पक्षी ओळखायचा नाद लागलाय. मुलगा म्हणतो, मोठा कॅमेरा आणि १५०-६००ची लेन्स घेऊन देतो; पण माझा खांदा दुखतो. दुकानदाराने खिशात मावणारा ३०एक्स झूमचा कॅमेरा दाखवला आणि म्हणाला, ‘काका, यात सगळं येतं.’ खरंच येतं का? की फोनच पुरे?

उत्तर : सगळं येत नाही. पण तुम्हाला हवंय त्यातलं बरंच येतं, आणि मुख्य म्हणजे कॅमेरा रोज तुमच्याबरोबर गड चढतो. सिग्माची १५०-६०० एकटीच दोन किलोच्या घरात जाते. माझा सोनीचा एचएक्स९९ अडीचशे ग्रॅमच्या आत आहे. मिरजेच्या मंडईत जाताना तो कापडी पिशवीत भाजीच्या वर पडलेला असतो, आणि परतताना कृष्णेच्या घाटावर खंड्या बसलेला दिसला की लगेच हाताशी येतो. मोठी लेन्स घेऊन मेथी आणायला कोणी जात नाही.

आता तो ‘३०एक्स’ समजून घ्या, कारण दुकानातला सगळा खेळ त्याच आकड्यावर चालतो. पक्षी तीसपट मोठा दिसेल, असा त्याचा अर्थ नाही. लेन्सचं रुंद टोक २४ मिमी आणि लांब टोक ७२० मिमी, यांचा तो नुसता भागाकार. डोळ्यांना दिसतं ते साधारण ५० मिमीच्या लेन्ससारखं धरलं, तर ७२० म्हणजे चौदापट. तुमच्या गळ्यातली दुर्बीण बहुधा आठपटीची असेल, म्हणजे तिच्याहून पुष्कळ पुढे. कॅननचा एसएक्स७४० ४०एक्सचा, त्याचं लांब टोक ९६० मिमी. फोनची पाचपटीची लेन्स १२० मिमीच्या आसपास थांबते. त्यापुढे बोटांनी ताणलेलं चित्र बहुतेक करून मधला तुकडा कापून फुगवलेलं असतं. तेव्हा पक्ष्यांसाठी फोनचा विचार सोडा.

शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, त्यामुळे गणित दिल्याशिवाय मला राहवत नाही. ७२० मिमीला चौकटीची रुंदी पक्ष्याच्या अंतराच्या विसाव्या भागाइतकी असते. पक्षी २० मीटरवर असेल तर चौकटीत १ मीटर रुंदीचा देखावा मावतो. खंड्या २८ सेंटिमीटरचा, म्हणजे त्याने पाव चौकट व्यापली. उत्तम. तेवढ्याच अंतरावरचा शिंजीर १० सेंटिमीटरचा; तो ओळखू येईल, पण भिंतीवर लावण्यासारखा येणार नाही. शिंजीर हवा तर दहा मीटरवर जायला हवं. खरं तर जाऊच नका. फुललेल्या झाडाजवळ सावलीत बसून राहा, तो आपणहून येतो.

खरी अडचण अंतराची नसून उजेडाची आहे. या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पट्टी, जेमतेम ६ मिमी रुंद आणि साडेचार मिमी उंच, हरभऱ्याच्या डाळीएवढा. फुलफ्रेम म्हणतात त्या मोठ्या कॅमेऱ्याचा ३६ बाय २४ मिमी, क्षेत्रफळाने सुमारे तीसपट. सेन्सर लहान म्हणूनच लेन्स खिशात मावते: ७२० हा फुलफ्रेमच्या हिशेबातला आकडा, तिची खरी लांबी १३० मिमीच्याही किंचित खालीच असते. पण मग उजेडही त्याच मापाने मिळतो. शिवाय पूर्ण झूम केल्यावर लेन्सचं छिद्र एफ/३.५ वरून एफ/६.४ वर येतं (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), म्हणजे रुंद टोकाच्या एक तृतीयांशाहूनही कमी उजेड आत येतो.

व्यवहारात याचा अर्थ असा. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) १०० ठेवून १/६४० सेकंदाचा शटर स्पीड मिळतो. काही काळजी नाही. मोकळ्या सावलीत आयएसओ ४०० ला १/३२० च्या आसपास, जमतं. दाट झाडीत तोच आकडा १/४० पर्यंत घसरतो. स्थिरीकरण तुमच्या हाताची थरथर सांभाळेल, पण पाखराने मान वळवली तर ते काय करणार? आयएसओ ८०० पुढे नेलात की पिसांचे धागे पुसले जातात. म्हणून तारेवरचा वेडा राघू, निष्पर्ण फांदीवरचा तांबट, कातळावरचा चंडोल हे या कॅमेऱ्याचे पक्षी. करवंदीच्या जाळीत शिरलेला सातभाई नुसता पाहा आणि पुढे चला.

घेताना एकच हट्ट धरा: डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर हवा. उन्हात मागचा पडदा दिसत नाही, आणि कॅमेरा भुवईला टेकला की हातांना तिसरा आधार मिळतो. कंपन्या नेमकी हीच सोय काढून टाकायला लागल्यात. पॅनासॉनिकच्या टीझेड९५ मध्ये व्ह्यूफाइंडर होता. २०२५ मध्ये आलेल्या टीझेड९९ मध्ये नाही. वर सांगितलेल्या एसएक्स७४० मध्येही नाही. म्हणून ४०एक्सला भुलू नका.

हातात आल्यावर डिजिटल झूम बंद करा, चेहरा शोधणारा फोकस बंद करा, मधला लहान ठिपका निवडा. आधी रुंद टोकाला फांदी पकडा, मग झूम करत जा. एकदम ७२० वर जाऊन शोधलंत तर पानंच पानं दिसतील. बगळा टिपताना एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), नाहीतर पांढरा रंग जळतो.

प्रश्न : मी बार्शीची शिक्षिका. माळावर खूप खालून उडणारा राखाडी शिकारी पक्षी दिसला. फोटो अगदी धूसर आलाय. असला फोटो ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, टाकला तर लोक हसतील का?

उत्तर : हसले तर हसू देत. नोंदीसाठी पुरावा लागतो, सौंदर्य नाही. हिवाळ्यात तुमच्या माळांवर भोवते (खालून उडणारे शिकारी पक्षी, इंग्रजीत हॅरियर) येतात आणि त्यांतले नर तर धूसर फोटोतही वेगळे करता येतात. माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराला पंखाच्या वरच्या अंगाला एक काळी पट्टी असते, खालच्या अंगाला दोन. पॅलिड भोवत्याच्या नराला तशी पट्टी नसते, फक्त पंखाच्या टोकाला पाचरीसारखा काळा डाग. मादी आणि पिल्लं मात्र भल्याभल्यांना चकवतात. तिथे ‘भोवत्या’ एवढंच लिहिणं प्रामाणिकपणाचं.

पुढच्या वेळी उडत्या पक्ष्यासाठी पूर्ण झूम करू नका. २०० ते ३०० मिमीवर थांबा, शटर १/१००० ठेवा, मागे आकाश असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वर घ्या, आणि दाबत राहा. पक्षी वळतो तेव्हा पंखाची दोन्ही अंगं मिळतात. शेवटी माळाचा एक रुंद फोटोही काढा, जागा कशी होती ते कळतं. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलंय ना, तेवढं पाहा.

प्रश्न : भिगवणला होडीतून रोहित पक्षी टिपले. सकाळी अकराची वेळ, लख्ख ऊन, तरी एकही फोटो धारदार नाही. लेन्स खराब असेल का?

उत्तर : लेन्स बहुधा निर्दोष आहे. पाण्यालगतची हवा तापली की थरथरते, आणि ७२० मिमीमधून तुम्ही ती थरथरच मोठी करून पाहता. लाखांची लेन्स घेऊन शेजारी बसलेल्यालाही तेच मिळालं असणार. सूर्य उगवता उगवता होडीत बसा. नावाड्याला थव्यात घुसायला सांगू नका. पक्षी उडवून काढलेल्या फोटोत पाठच दिसते.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरला शिकते. नवा कॅमेरा परवडत नाही. जुना घेताना काय बघू?

उत्तर : आधी झूम दहा-बारा वेळा आत-बाहेर कर. नळी अडखळली, करकरली किंवा पडद्यावर लेन्स बिघडल्याची सूचना आली तर परत दे. त्या दुरुस्तीच्या खर्चात दुसरा जुना कॅमेरा येतो. मग पूर्ण झूम करून, छिद्र लहानात लहान ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. बाहेर येणारी नळी हवेबरोबर धूळ आत ओढते, आणि ही लेन्स निघत नसल्याने ती घरी पुसता येत नाही. विकणारा म्हणेल, ‘फोटोत दिसत नाही.’ आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीच्या शेजारी ती हमखास दिसते. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही बघ. घेतलास तर झिपच्या पिशवीत ठेव, आपल्याकडची लाल माती फार बारीक असते.