आळंदी ते पंढरपूर पायी वारी पहिल्यांदाच आणि एकट्याने करता येईल का?

करता येईल, पण माझे मत विचाराल तर पहिली वारी दिंडीतच करा. आपल्या प्रश्नात चालण्याच्या सरावाविषयी पुष्कळ आहे आणि मुक्कामाविषयी एक ओळही नाही, म्हणून हे आधी सांगतो. ज्ञानोबांच्या पालखीचा मार्ग सुमारे २५० किलोमीटरचा आहे आणि तो अठरा-एकोणीस दिवसांत पार पडतो, शिवाय पुण्यात व सासवडला एकेक दिवस विसावा मिळतो. त्यामुळे रोजची चाल बहुतेकांना झेपते. माणूस खचतो तो भर पावसात, अनोळखी गावात पाठ टेकायला कोरडी जागा शोधताना आणि पहाटे अंघोळीच्या पाण्यासाठी वणवण करताना.

दिंडीत भिशी (म्हणजे वारीच्या खर्चाची वर्गणी) भरली की जेवण, राहुटी, पाण्याचा टँकर आणि सामानाचा ट्रक यांची काळजी दिंडी घेते. मात्र ही चौकशी चैत्र-वैशाखातच करावी आणि शक्यतो ओळखीच्या वारकऱ्यामार्फत करावी. राहुट्या पालखीतळापासून किती लांब पडतात, हे आवर्जून विचारा. दिवसभर चालल्यावर आणखी दोन किलोमीटर जिवावर येतात.

दिंडी म्हणजे नुसती सोय नव्हे. आज दिसणारी पालखी सोहळ्याची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिली. रथापुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या मागे, असा क्रम ठरलेला आहे. दिंडीतही पताका, टाळकरी, मृदंग, वीणेकरी, तुळस घेतलेल्या बायका यांच्या जागा ठरलेल्या असतात, आणि सकाळचे अभंग वेगळे, दुपारचे वेगळे. मुक्कामी होणारी समाजआरती तर प्रत्येकाने पाहावी अशी आहे. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहून टाळांचा गजर करीत असतात आणि चोपदाराने हातातला चोप (दंड) उंचावला की एवढा समाज तत्काळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते; मग चोपदार तिथे जाऊन विचारपूस करतात आणि समाधान झाल्यावरच आरतीला सुरुवात होते. सापडलेल्या वस्तूंची आणि उद्या पालखी किती वाजता हलणार याचीही घोषणा तिथेच होते. एकटा चालणारा त्या वेळी बहुधा चहाच्या टपरीवर मोबाइल चार्ज करीत बसलेला असतो.

सराव करायचाच असेल तर पुणे ते सासवड हा टप्पा डोळ्यांसमोर ठेवा. जवळजवळ तीस किलोमीटर, त्यात दिवेघाटाची चढण, आणि त्या दिवशी बहुधा एकादशी असल्यामुळे पोटात साबुदाणा किंवा केळी एवढेच. रथालाही घाटात बैलांच्या जास्तीच्या जोड्या लावतात, हे लक्षात घ्या. जेजुरी, नीरा ओलांडून लोणंद, फलटण, माळशिरस असा पुढचा रस्ता त्या मानाने सोपा आहे.

नवे बूट घालून येऊ नका. महिनाभर वापरलेली चप्पल किंवा सँडल बरी, कारण ओल्या मोज्यांनी पायांना हमखास फोड येतात. आलेल्या फोडाचे कातडे ओढू नका, वाटेत औषधोपचाराची केंद्रे असतात तिथे दाखवा. पाठीवरच्या पिशवीसकट अंगभर येईल असा प्लास्टिकचा कागद घ्या. आणि गावोगावचे लोक इतक्या प्रेमाने भजी, लाडू, चहा पुढे करतात की नाही म्हणवत नाही. तरी निम्म्या ठिकाणी नुसता नमस्कार करावा, नाहीतर पायांच्या आधी पोट बिघडते.

पंढरपुरात एकादशीला पदस्पर्शदर्शनाची रांग फार लांब जाते आणि कित्येक वारकरी कळसाचे दर्शन घेऊनच समाधान मानतात. आपल्याला गाभाऱ्यात जायचे असेल तर रजा वाढवून घ्या आणि पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला करूनच निघा. तोवर एसटी स्थानकावरची गर्दीही पुष्कळ ओसरलेली असते.