‘अर्थवाद’ म्हणजे थाप का?

गुहागरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. गणपतीत घरी अथर्वशीर्षाची आवर्तनं झाली, शेवटी फलश्रुती म्हटली. ‘यो दूर्वाङ्कुरैर्यजति स वैश्रवणोपमो भवति’ याचा अर्थ कळल्यावर पुतण्या म्हणाला, “दूर्वा वाहून कोण कुबेर झालाय?” गुरुजी म्हणाले, “अरे, तो अर्थवाद.” म्हणजे थाप समजायची का?

मुळीच नाही. या शब्दावर हा अन्याय वारंवार होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्द मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं शास्त्र रचणाऱ्यांचा. वेद कर्म सांगतो, असं त्यांचं मत. मग जी वाक्यं काही करायलाच सांगत नाहीत, ती वाया गेली का? त्यांचे सूत्रकार जैमिनी म्हणतात, ती विधीला, म्हणजे ‘हे कर’ सांगणाऱ्या वाक्याला, जोडून वाचा; अशी जोडवाक्यं म्हणजे अर्थवाद. ‘ऐश्वर्य हवं असेल त्याने वायूला श्वेत पशू अर्पावा’ हा विधी. त्याला लागून येतं ‘वायुर्वै क्षेपिष्ठा देवता’, वायू ही सर्वांत वेगवान देवता. हे वाऱ्याचं वर्णन नव्हे; देवता चपळ, फळही लवकर देईल, अशी कर्माची गोडी लावणं हे त्याचं काम.

खरेखोटेपणा ही निराळी बाब. ‘अग्निर्हिमस्य भेषजम्’, थंडीवर औषध अग्नी, हाही अर्थवादच, आणि तो धडधडीत खरा. ‘आदित्यो यूपः’ म्हणजे यज्ञाचा खांब हाच सूर्य. हे डोळ्यांना पटत नाही, म्हणून तिथे गुण पाहायचा: तूप माखलेला खांब तळपतो. पुतण्याला हेच दाखवा. दूर्वांच्या वाक्यात तर ‘उपम’ हा शब्दच आहे, कुबेर नव्हे, कुबेरासारखा. शिवाय विधीत फळ सांगितलं नसेल, तर अर्थवादातलं फळच खरं धरायचं, असा मीमांसकांचा रात्रिसत्रन्याय आहे. थापेला एवढा मान कोण देईल?

खरा वाद पुढे आहे: अर्थवाद म्हणायचं कोणत्या वाक्यांना? आत्म्याबद्दलची उपनिषद्वाक्यं कर्म करणाऱ्याची स्तुती म्हणून कर्मालाच जोडायची, हा पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढण्यासाठी आधी मांडलेलं मत. शंकराचार्य तो ठामपणे नाकारतात. ‘तत्त्वमसि’, ‘ते तू आहेस’, हे वाक्य कोणाच्या दिमतीला नाही, ते स्वतःच ज्ञान देतं. द्वैतवादी मध्वाचार्य तर आधीच्या शब्दाशी झालेला संधी वेगळा सोडवून तिथे ‘अतत् त्वमसि’ वाचतात, ‘ते तू नाहीस’.

ग्रंथाचं तात्पर्य ठरवण्याच्या सहा खुणांतही अर्थवाद आहे: उपक्रम-उपसंहार (सुरुवात आणि शेवट), अभ्यास (पुनरुक्ती), अपूर्वता (नवेपणा), फल, अर्थवाद, उपपत्ती (युक्तिवाद). रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९१५च्या ‘गीतारहस्या’त याच कसोट्या गीतेला लावल्या, आणि शंकराचार्यांना जिथे संन्यास दिसला तिथे त्यांना कर्मयोग सापडला.