घर बदलायचं तर डबा तू उचल

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी वाचली. घरी खत करायचं, कापडी पिशव्या, स्टीलच्या बाटल्या, बांबूचे ब्रश, भांड्यांना रिठा, गच्चीवर सोलर. यादी मनापासून केली आहेस. पण हे सगळं करणार कोण, ते मला त्यात कुठेच सापडलं नाही. रिठे कोण भिजवणार? पिशव्या धुऊन वाळत कोण घालणार? कचऱ्याचा डबा कोण घासणार? आपल्या घरांत जे काम कुणाच्याच नावावर नसतं, ते न बोलता आईच्या अंगावर पडतं. तुझी आई नोकरी सांभाळून दोन वेळचा स्वयंपाक करते. तुझ्या उत्साहाला ती ‘नवं खूळ’ म्हणाली याचं तुला वाईट वाटलं, पण मला तिचं म्हणणं पटतं.

म्हणून माझा आग्रह एवढाच: जो बदल सुचवशील त्याचं रोजचं काम निदान सहा महिने तू स्वतः कर. जे करायला तुला जमणार नाही, ते यादीतून सरळ काढून टाक. अशाने यादी दोन-तीन ओळींवर येईल. येऊ दे.

सुरुवात ओल्या कचऱ्यापासून कर. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं शहराजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात जात राहिला. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, लोकांना आंदोलनं करावी लागली. आपल्या ओट्यावरच्या भाजीच्या देठांचा त्या विहिरींशी थेट संबंध आहे, कारण ढिगाखाली दाबला गेलेला ओला कचरा हवेविना कुजतो, त्यातून घाण पाणी झिरपतं आणि मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. तेच देठ हवेशीर डब्यात कुजले तर त्यांचं खत होतं.

बाल्कनीत झाकणाच्या दोन जुन्या बादल्या पुरतात. बाजूंना आणि तळाला भोकं पाड, खाली ताटली ठेव. तळाशी वाळक्या पानांचा जाड थर दे. सोसायटीत झाडून जाळायला काढलेली पानं पोत्यात भरून आण, म्हणजे जाळणंही थांबेल. रोजचा कचरा बारीक करून टाकायचा आणि त्यावर निदान तेवढंच, शक्यतो दुप्पट सुकं घालायचं. विरजणासारखं मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक सुरुवातीला घाल. दोन-तीन दिवसांनी खालवर कर. वास आला तर समजायचं की ओल वाढली आणि हवा कोंडली: सुकी पानं वाढव, उकर, संध्याकाळपर्यंत झाकण उघडं ठेव. तेलकट उरलंसुरलं, हाडं, मासळीचे काटे पहिल्या वर्षी टाकूच नकोस. पावसाळ्यात करड्या, जाडसर अळ्या दिसतील आणि घरात आरडाओरडा होईल. बहुधा त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. आईने त्या बघायच्या आत वर पानांचा थर पसर. दीड-दोन महिन्यांत, पावसाळ्यात थोडं उशिरा, पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास यायला लागला की खत झालं. पहिलं खत आजीच्या तुळशीला घाल. घरात तुझ्या बाजूने बोलणारं पहिलं माणूस तीच असेल.

सुक्या कचऱ्याचं थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई ‘स्वच्छ’ संस्थेच्या असतील. ही कचरावेचकांनीच चालवलेली सहकारी संस्था २००८ पासून पुण्यात काम करते, आणि तिच्यामागे १९९३ पासूनची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ आहे. सुका माल विकून ताईंना चार पैसे मिळतात, म्हणून तो कोरडा आणि स्वच्छ द्यायचा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नकोस, लटकता ठेव. तो एवढासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ताईंना पुडी उघडून बघावी लागत नाही. हे बहिणीला आणि आईला तूच सांग. संकोच बाजूला ठेव.

बांबूचे ब्रश आणि नव्या बाटल्या मात्र राहू दे. घरातल्या वस्तू टिकतील तितक्या वापरणं हेच आधी. आजीचे पत्र्याचे डबे अजून चांगले आहेत.

बाबांशी पर्यावरणावर वाद घालू नकोस. त्यांच्यासमोर विजेचं बिल ठेव. जुना पंखा ७५ वॉटचा असतो. दिवसाला १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास, म्हणजे ११ युनिट. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे वाचणारं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातलं असतं. तरी सगळे पंखे एकदम बदलायचे नाहीत. जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी, बाकीचे बिघडतील तसे.

आणखी एक काम बाबांवर सोपव, त्यांना आवडेल: नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजणं. त्याचा छोटा मीटर काही शे रुपयांत मिळतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चालतात. तुमच्याकडे खडकवासल्याचं पाणी येतं. धरणाच्या पाण्यात क्षार मुळात कमी असतात. आकडा खूप खाली आला तर क्षार गाळून काढणाऱ्या आरओ फिल्टरची गरजच नाही, अतिनील किरणांनी जंतू मारणारा यूव्हीचा फिल्टर पुरेल, आणि आरओतून दर लिटरमागे वाया जाणारं पाणी वाचेल. टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर मात्र उन्हाळ्यातही मोजा आणि मगच ठरवा. तोवर वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरा.

सोलरचं विचारलं होतंस. फ्लॅटवाल्याची गच्ची एकट्याची नसते, म्हणून हा विषय घरातून सोसायटीच्या सभेतच न्यावा लागेल. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. सभेत आधी सामायिक मीटरची वर्षभराची बिलं मांड, पॅनेलचा विषय नंतर काढ. पंपाचा खर्च ऐकला की सचिव स्वतःच विचारायला लागतील. ती बिलं मिळाली की मला पाठव, किती किलोवॉट लागतील ते आपण दोघं बसून काढू.

तुझा,
काका