कुलगुरुपदाच्या आधीची वीस वर्षे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. शुद्ध गणितातील संशोधन सोडून अध्यापक महाविद्यालयातील नोकरी स्वीकारली, तर विद्यापीठाच्या पातळीवर काही मोठे करण्याची वाट आपल्यासाठी कायमची बंद होईल, अशी भीती तू त्यात व्यक्त केली आहेस. माझे मत मी शेवटी सांगेनच. पण त्याआधी नायजेरियातील ग्रेस अलेले-विल्यम्स यांचा जीवनक्रम तुझ्यापुढे ठेवते, कारण तुझ्या प्रश्नाला इतके थेट भिडणारे दुसरे चरित्र मला माहीत नाही.

1985 मध्ये त्या तेथील बेनिन शहरातल्या बेनिन विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या आणि नायजेरियातील विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांचा परिचय बहुधा या एका वाक्याने सुरू होतो आणि तिथेच संपतो. तू मात्र त्याच्या बऱ्याच आधीपासून वाचायला सुरुवात कर. 1932 साली वॉरी येथे जन्मलेली ही मुलगी लागोसच्या क्वीन्स कॉलेजात शिकली, त्या वेळी लंडन विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून 1954 मध्ये गणिताची पदवी घेऊन बाहेर पडली आणि लगेच एडे येथील मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. देश अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होता. पुढे अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण झाले आणि 1963 मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. डॉक्टरेट मिळवणारी पहिली नायजेरियन स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांच्या संशोधनाचे क्षेत्र होते गणिताचे शिक्षण, म्हणजे तू ज्याला दुय्यम समजून बिचकते आहेस नेमके तेच.

त्यांनी ही निवड का केली असावी, हे समजायला त्या वेळचा नायजेरिया डोळ्यांसमोर आणावा लागेल. 1960 मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा शाळांतील गणित वसाहतकाळातून वारशाने आलेले होते आणि ते समजून शिकवू शकणारे शिक्षक फार थोडे होते. 1962 पासून युगांडातील एंटेबे येथे इंग्रजी भाषक आफ्रिकी देशांतील शिक्षक आणि परदेशी गणितज्ञ एकत्र बसून नवी पाठ्यपुस्तके लिहू लागले. त्या आफ्रिकी गणित कार्यक्रमात अलेले-विल्यम्स 1963 ते 1975 या काळात सहभागी होत्या. संचसिद्धान्तावर उभे असलेले हे ‘नवे गणित’ मुलांना फार अमूर्त वाटते आणि शिक्षकांची त्यासाठी तयारी झालेली नाही, अशी टीका पुढे झाली, आणि ती मला बऱ्याच अंशी रास्त वाटते. परंतु अलेले-विल्यम्स यांनी 1974 मध्ये आधुनिक गणिताची हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली ती शिक्षकांसाठी, ही गोष्ट त्या टीकेइतकीच महत्त्वाची आहे. अभ्यासक्रम बदलताना वर्गात खडू घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार आधी करावा लागतो, याची जाण त्यात दिसते.

1965 ते 1985 ही वीस वर्षे त्या लागोस विद्यापीठात होत्या, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याचा गाभा इथे आहे. तेथील शिक्षण संस्थेच्या संचालक असताना त्यांनी पदवीऐवजी प्रमाणपत्र देणारे अभ्यासक्रम सुरू केले, आणि त्यांतून प्राथमिक शाळांत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या प्रौढ स्त्रियांना विद्यापीठाचे प्रमाणपत्र मिळवण्याची सोय झाली. या कामाचे वजन नीट लक्षात घे. घर, मुले आणि नोकरी सांभाळणारी शिक्षिका सगळे सोडून पूर्ण वेळ पदवी घ्यायला येऊ शकत नाही, आणि प्रवेशाचे नियम मात्र तिला डोळ्यांसमोर ठेवून कधीच लिहिलेले नसतात. ते नियम बदलायचे म्हणजे विद्यापीठ कोणासाठी आहे, हा प्रश्न आतल्या लोकांना विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत मागे हटायचे नाही. नेतृत्व म्हणतात ते हेच; कुलगुरूची खुर्ची त्यांच्याकडे नंतर आली.

ती आली तीही कठीण काळात. 1986 मध्ये लष्करी सरकारने आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम लागू केला, नायरा या तेथील चलनाची किंमत कोसळली आणि विद्यापीठांना पैसा अपुरा पडू लागला. 1988 मध्ये प्राध्यापकांच्या संघटनेवर बंदी आली. 1989 मध्ये त्या आर्थिक धोरणाविरुद्ध विद्यार्थ्यांचा असंतोष बेनिनमध्येही रस्त्यावर उतरला. शिवाय विद्यार्थ्यांच्या गुप्त टोळ्यांची दहशत होती आणि त्या टोळ्यांशी अलेले-विल्यम्स यांनी ठामपणे सामना केला. त्या 1991 पर्यंत पदावर राहिल्या. इतकी वर्षे शिक्षकांचे प्रश्न आणि सरकारी यंत्रणा जवळून पाहिलेली व्यक्ती तिथे बसली होती, म्हणून ते निभावले, असे मला वाटते. आफ्रिकी गणित संघाच्या महिला आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले आणि मार्च 2022 मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता तुझ्याविषयी. ही नोकरी तू घ्यावीस असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र एम.एस्सी. अर्धवट टाकून नव्हे. अलेले-विल्यम्स शिक्षणशास्त्राकडे वळल्या त्या गणित पक्के करून, आणि म्हणूनच गणितज्ञांबरोबर बरोबरीने काम करू शकल्या. मुलाखतीत वेतनश्रेणीबरोबरच आणखी एक गोष्ट विचार: सेवेत असलेल्या प्राथमिक शिक्षिकांसाठी सायंकाळचा छोटा गणित अभ्यासक्रम चालवण्याची मुभा मिळेल का? उत्तर टाळाटाळीचे आले, तर रुजू होण्याआधी पुन्हा लेखी विचार. अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा पुढच्या आठवड्यापर्यंत मला पाठव. अपूर्णांकांपासून सुरुवात केलीस तर बरे, कारण शिक्षिका सर्वांत जास्त तिथेच अडतात. मी तो वाचून, समासात सूचना लिहून परत पाठवीन.

कळावे,
तुझी शिक्षिका